कोर्लईची माणसे : एका लहान वस्तीचा वंशवृक्ष

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी ओलांडतो. पूल संपून साळाव मागे पडले की थोड्याच वेळात उजव्या हाताला समुद्रात शिरलेला एक लांबट डोंगर दिसू लागतो. त्याच्या कण्यावर किल्ल्याची तटबंदी आहे आणि पायथ्याशी कोर्लई गाव वसले आहे. गावातील ख्रिस्ती वस्ती हजाराच्या आसपास. माउंट कार्मेलच्या मातेचे मंदिर हे तिच्या जीवनाचे केंद्र. ही माणसे बाजारात शेजाऱ्यांशी मराठी बोलतात. पण घरी परतून उंबरठा ओलांडला की त्यांच्या तोंडून एक वेगळीच बोली ऐकू येते. तिला ते 'क्रिस्ती' किंवा 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे म्हणतात. पोर्तुगीज सत्ता येथून जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या सत्तेच्या काळात जन्मलेली ही बोली अजून जिवंत आहे.

या गावी येणारा पाहुणा बहुधा एकच प्रश्न विचारतो : तुम्ही पोर्तुगीजांचे वंशज का? प्रश्न सरळ दिसतो, पण त्याचे 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दातले उत्तर इतिहासापाशी नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती समाजात कोणाकोणाचे रक्त मिसळले, ते केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत मिसळले, आणि त्या मिश्रणातून एक समाज कसा उभा राहिला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. हा इतिहास कोर्लईचा असला तरी वसई, साष्टी आणि मुंबईतील आपणा सर्वांनाच तो आपले रूप दाखवील, असे वाटते.

बंदराचे गाव

कोर्लईची कथा खाडीच्या पलीकडच्या तीरावर, चौल येथे सुरू होते. कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल' या नावाने येणारे हे बंदर फार प्राचीन आहे. ग्रीक आणि रोमन जगाला ते ठाऊक होते. अरब प्रवासी त्यास 'सैमूर' म्हणत. अल् मसूदी हा इतिहासकार इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला, तेव्हा बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदविले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी तर होतेच, पण येथेच जन्मलेली त्यांची संततीही होती, आणि या संततीला एक स्वतंत्र नाव पडले होते. म्हणजे 'बाहेरून आलेला' आणि 'इथे जन्मलेला' हा भेद पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी सहाशे वर्षे या किनाऱ्यावर रूढ होता.

याच पट्ट्यात बेने इस्रायल समाज वाढला. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असे त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत यांमुळे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. इ. स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासाने त्यांच्या रक्तात पश्चिम आशियातील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश असल्याचे दाखवून दिले. पूर्वजांची कथा आणि शेजाऱ्यांशी झालेला संबंध, दोन्ही खरे ठरले.

आणखी एक शेजारी विसरता येणार नाही. कोर्लईच्या दक्षिणेस, मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर मूळच्या आफ्रिकेतील सिद्दींची सत्ता होती आणि ते संस्थान १९४८ पर्यंत टिकले. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, तोही याच दख्खनमध्ये. तेव्हा पोर्तुगीज गलबते या खाडीत शिरली, ती एखाद्या एकवंशी, अस्पर्श किनाऱ्यावर आली नव्हती.

कोटाच्या आत

१५०८ मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. पुढे १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी रेवदंडा येथे वखार आणि किल्ला उभारण्यास प्रारंभ केला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने घातलेला मोठा वेढा त्यांनी परतवून लावला. समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाही सैन्याने ठाणे बांधले होते, ते १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकले. तेव्हापासून खाडीचे मुख दोन्ही बाजूंनी त्यांच्या ताब्यात आले. दमणपासून चौलपर्यंतच्या या 'उत्तर प्रांता'ची राजधानी वसई होती आणि चौल हे त्याचे दक्षिणेकडील टोक.

रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज शहर वसले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा चार संघांची मंदिरे तेथे होती. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा उंच मनोरा 'सातखणी' या नावाने आजही परिचित आहे. पण या शहरात राहणारी माणसे कोण होती?

अगदी वरच्या पायरीवर पोर्तुगालमध्ये जन्मलेले 'रेइनोल'. त्यांच्याखाली 'कास्तिसो', म्हणजे पोर्तुगीज आईबापांपोटी भारतात जन्मलेले. त्याखाली 'मेस्तिसो', म्हणजे मिश्र विवाहाची संतती. त्यानंतर येथील बाप्तिस्मा घेतलेले लोक, आणि सर्वांत खाली गुलाम. हे गुलाम भारतातील निरनिराळ्या भागांतून तसेच मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणले जात. अरब व्यापाऱ्यांच्या काळातील 'बाहेरचा' आणि 'इथला' हा जुना भेद आता कोटाच्या आत पायऱ्यापायऱ्यांनी मांडला गेला होता.

या सर्वांचे मिश्रण अपरिहार्य होते. पोर्तुगालहून भारतात येणाऱ्या गलबतांत स्त्रिया फारच थोड्या असत. राजाच्या आश्रयाखालील काही अनाथ मुली विवाहासाठी पाठविल्या जात, पण त्यांची संख्या अगदी मर्यादित होती. आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर आपल्या माणसांना स्थानिक स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले. अशा रीतीने संसार थाटून सैनिकी सेवेतून मोकळ्या झालेल्या रहिवाशांना 'काझादो', म्हणजे 'विवाहित', असे नाव पडले. तोच प्रघात उत्तर प्रांतातही पसरला.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. 'मिश्र विवाह' हा शब्द कानाला गोड लागतो. पण जे मिश्रण घडले ते सर्वच विवाहाने घडले नाही. शिपायाच्या घरात राबणारी दासी, कोटाबाहेरून आणलेली निराधार स्त्री, मोझांबिकहून विकत आणलेली मुलगी यांना आपली संमती विचारली गेली असेल, असे मानण्यास आधार नाही. त्यांच्यापैकी बहुतेकींची मूळ नावेसुद्धा इतिहासाला ठाऊक नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना मारिया, आना, काताअरिना अशी नावे मिळाली आणि जुने नाव, जुने गाव व जुनी भाषा एकाच क्षणी पुसली गेली. कोर्लईच्या वंशवृक्षाची मुळे शोधू लागलो, तर पुरुषांकडील मुळांपाशी आडनावे सापडतात आणि स्त्रियांकडील मुळांपाशी मौन सापडते.

आडनावांचेही तसेच. डिसोझा, रोझारियो, परेरा ही आडनावे म्हणजे पोर्तुगीज रक्ताचा दाखला नव्हे. बाप्तिस्मा घेणाऱ्यास त्याच्या धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे आडनाव मिळण्याची पद्धत होती. रोझारियोसारखी नावे तर थेट भक्तीतूनच आली. त्यामुळे एकाच मंदिराच्या नोंदवहीत एकाच आडनावाखाली कास्तिसो कुटुंब, धर्मांतरित कुणबी आणि मुक्त केलेला हबशी असे तिघेही शेजारी शेजारी नोंदले जाणे सहज शक्य होते.

१७४० : गोरे गेले, गाव राहिले

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. उत्तर प्रांताचा कणा मोडला. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, झालेल्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले.

त्यानंतर वस्तीची रचना थोड्याच काळात पालटली. ज्यांच्याजवळ साधने होती, गोव्यात नातलग होते, सरकारात ओळख होती, ते गलबतांत बसून निघून गेले. सत्तेबरोबर आलेला वरचा थर सत्तेबरोबर गेला. मागे राहिले ते शेतकरी, मजूर, सामान्य शिपायांची मिश्र संतती आणि येथील मातीतलेच ख्रिस्ती लोक. ज्यांना जाण्यासाठी दुसरा देशच नव्हता असे हे लोक होते. रेवदंड्याचा कोट ओस पडू लागला आणि त्यांच्यापैकी काही जण खाडीपलीकडे कोर्लईच्या पायथ्याशी एकवटले, असे अभ्यासक मानतात.

येथे इतिहासाचा एक विलक्षण विरोधाभास दिसतो. पोर्तुगीज गेले, पण पोर्तुगीजपासून झालेली बोली राहिली. आणि ती ज्यांनी राखली त्यांच्यात पोर्तुगीज रक्ताचा अंश सर्वांत कमी होता. मुंबई, साष्टी आणि वसईच्या परिसरातही एके काळी अशीच बोली होती. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय धर्मगुरू-भाषापंडिताने १९०६ मध्ये या उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीज बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या परिसरात ती पुढे अस्तंगत झाली. मग कोर्लईतच ती का टिकली?

या बोलीचा सखोल अभ्यास करणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रकाशित झाला. त्यांच्या मांडणीनुसार या टिकण्यामागे प्रामुख्याने समाजाचे एकाकीपण आहे. भोवतालच्या हिंदू समाजापासून जातीच्या भिंतीने आणि मुसलमानांपासून धर्माच्या भिंतीने ही वस्ती वेगळी राहिली. सोयरीक आतल्या आतच होत राहिली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. गोव्याच्या परंपरेतील, पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येत राहिले आणि प्रार्थनाही त्याच भाषेत होत राहिल्या. म्हणजे आज आपण ज्या बोलीचे कौतुक करतो, तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण जातिभेद हे आहे. हे सत्य सुखावह नाही. परंतु ते झाकून ठेवले तर आपण इतिहास लिहिणार नाही, केवळ गौरवगाथा लिहू.

बोलीतच वाचावा असा वंशवृक्ष

जे नोंदवह्यांतून कळत नाही, ते कित्येकदा भाषा सांगते. कोर्लईच्या बोलीतील शब्द पाहिले तर त्यांपैकी बहुसंख्य पोर्तुगीज आहेत. पण वाक्य ऐकले तर त्याची चाल मराठी आहे. पोर्तुगीज माणूस क्रियापद वाक्याच्या मध्ये घालतो. कोर्लईकर ते आपल्याप्रमाणे शेवटी ठेवतो. 'मारियाचे घर' हे पोर्तुगीजमध्ये 'घर मारियाचे' अशा क्रमाने सांगावे लागते. कोर्लईत मराठीप्रमाणे मारिया आधी आणि घर नंतर. मराठीतून उचललेली क्रियापदे या बोलीत इतकी रुळली आहेत, की व्याकरणात त्यांचा एक वेगळा गटच तयार झाला आहे.

शब्द बापाचे आणि वाक्य आईचे, असे याचे वर्णन करण्याचा मोह होतो. शास्त्राच्या दृष्टीने ते फार ढोबळ आहे. तरी त्यात सत्याचा अंश आहे. ज्या स्त्रियांची नावे नोंदवहीत हरवली, त्यांनी मुलांना मांडीवर घेऊन धन्याची भाषा आपल्या वळणाने बोलून दाखविली. ते वळण आजतागायत टिकले आहे. इतिहासाने त्यांना मुके केले असले तरी त्यांच्या पणतवंडांच्या प्रत्येक वाक्यात त्यांचा आवाज आहे.

आणि उलट दिशेनेही पाहावे. पाव, बटाटा, काजू, चावी, मेज, पगार हे शब्द कट्टर मराठी माणूसही रोज उच्चारतो. ते पोर्तुगीजमधून आले, याची त्याला आठवणही नसते. मिश्रण हे काही कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांचेच वैशिष्ट्य नाही. त्यांच्यात ते उघड दिसते आणि इतरांच्यात ते विसरले गेले आहे, एवढाच काय तो फरक.

पूल झाल्यानंतर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्तीचे स्वरूप पुन्हा बदलू लागले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (१९६२-६५) लोकभाषेत उपासना करण्याची वाट मोकळी केली आणि कोर्लईच्या मंदिरात मराठी आली. मुले मराठी शाळेत शिकू लागली. १९८० च्या दशकात खाडीवरील पुलाने कोर्लईचे रेवदंडा-अलिबागपासूनचे अंतर मिटविले. १९९० च्या दशकात साळावला लोखंडाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि परप्रांतीय कामगार या परिसरात आले. तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबईला जाऊ लागली आणि अन्य ठिकाणच्या ख्रिस्ती कुटुंबांशी सोयरिकी जुळू लागल्या.

सून बाहेरून आली की घरातील भाषा बदलते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. मातेला 'नो लिंग' येत नसेल तर बाळाचा पहिला शब्द मराठी किंवा इंग्रजी असणार. ज्या भिंतींनी ही बोली राखली त्या भिंती पडत आहेत. त्या पडाव्यात, असेच आपण म्हणू; जातीची भिंत उभी राहावी आणि त्या आडोशाला एक बोली जगावी, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? पण बोली गेली तर तिच्यासोबत त्या निनावी आयांची एकमेव खूणही जाईल, ही वेदनाही खोटी नाही. कोर्लईच्या तरुणांपुढे हा खरा पेच आहे. बाहेरचे आपण त्यांना संग्रहालयातील वस्तूप्रमाणे 'आहात तसेच राहा' असे सांगू नये. बोली राखायची की नाही, आणि कशी, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. एवढे मात्र खरे की भिंतीशिवायही भाषा जगू शकते. त्यासाठी ती घरात लाजेविना बोलली जावी लागते.

शेजारच्या बेने इस्रायल समाजाकडे पाहिले तर याची प्रचीती येते. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. कोकणातील त्यांची गावे रिकामी झाली; पण तेथे गेल्यावर त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. या किनाऱ्यावर जे परके म्हणून आले, तेच पुढे दूरदेशी जाऊन मराठीचे राखणदार झाले.

आपल्या अंगणात

आता थोडे आपल्याविषयी. वसईत पोर्तुगीज सत्ता १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे होती. येथेही काझादो होते, गुलाम होते, धर्मांतरित होते. येथूनही वरचा थर गोव्याला गेला आणि मातीतली माणसे राहिली. पण आपण सामवेदी, वाडवळ, कोळी अशा जुन्या ज्ञाती बाप्तिस्म्यानंतरही जपल्या आणि दीर्घकाळ सोयरिकीसाठी त्यांच्या सीमा ओलांडल्या नाहीत. मुंबईच्या परिसरातील आपल्या बांधवांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. नोकऱ्यांसाठी बाहेरून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, येथले मूळचे, हे सरकारला कळावे हा त्यामागील एक हेतू होता. 'मूळचा कोण' हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.

आज तो पुन्हा उभा आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. आपल्या मंदिरांतील बाकांवर मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तामिळनाडूचे आणि आदिवासी पाड्यांवरचे भाविक आपल्याशेजारी गुडघे टेकतात. विहिरी आटल्या, वाड्या गेल्या, शेतांवर इमारती चढल्या, याचे दुःख रास्त आहे आणि त्यासाठी वसईने दिलेला लढाही रास्त होता. मात्र भूमी हिरावल्याचा राग शेजारच्या बाकावरील माणसावर काढणे रास्त नाही. 'हे आपल्यातले नव्हेत' असे म्हणण्यापूर्वी आपण आपल्याच नोंदवहीची जुनी पाने एकदा उलटावीत. तिथे 'आपल्यातला' हा शब्द किती वेळा नव्याने लिहिला गेला आहे, ते दिसेल.

संत मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी प्रभू येशूची वंशावळ दिली आहे. पुरुषांच्या त्या लांबलचक मालिकेत त्याने कनानी राहाब आणि मवाबी रूथ या परक्या वंशाच्या स्त्रियांची नावे आवर्जून घातली. कोर्लईच्या वंशावळीत अशा कितीतरी राहाब आणि रूथ आहेत. फक्त त्यांची नावे लिहून ठेवणारा मत्तय तिथे कोणी नव्हता.

म्हणून 'तुम्ही पोर्तुगीज का?' या प्रश्नाला कोर्लईकराने काय उत्तर द्यावे? आम्ही कोकणचे आहोत, एवढे पुरेसे आहे. आमच्यात लिस्बनचा शिपाई आहे, मोझांबिकची दासी आहे, चौलचा कुणबी आहे आणि ज्यांचे गाव कोणी विचारले नाही अशाही आजीबाई आहेत. त्या सर्वांचा बाप्तिस्मा एकाच पाण्याने झाला, आणि त्यांची लेकरे आज एकाच मंदिराच्या घंटेवर उठतात.